पदवीनंतरचे वर्ष आणि स्वतःची चूल

जून-जुलैच्या दिवसांत कोणत्याही तालुक्याच्या एस.टी. स्थानकावर सकाळच्या वेळी जरा उभे राहा. पुण्याकडे किंवा मुंबईकडे निघालेल्या गाडीपाशी एक देखावा हमखास दिसतो. खिडकीशी एक तरुण बसलेला असतो. मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल, पायाशी पिशवी. पिशवीत भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी आणि एखादी गोधडी. खाली आईवडील उभे असतात. गाडी हलताना आई म्हणते, "वेळेवर जेवत जा रे." वडील म्हणतात, "काही कळलं की लगेच फोन कर."

पदवी मिळाल्यापासून नोकरी लागेपर्यंतचा जो काळ असतो, त्याचे सारे मर्म या दोन वाक्यांत आहे. आपण लक्ष देतो ते वडिलांच्या वाक्याकडे. आईचे वाक्य मायेचे म्हणून सोडून देतो. आज मला सांगायचे आहे ते एवढेच की, आईच्या वाक्याची सोय नीट लागली नाही, तर वडिलांच्या वाक्याला उत्तर यायला फार उशीर होतो. कधी कधी ते येतच नाही.

या काळाला आपल्याकडे एक जुना शब्द आहे, उमेदवारी. आज उमेदवार म्हटले की निवडणुकीला उभा राहिलेला गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. पण उमेद म्हणजे आशा. आज ना उद्या जागा मिळेल या आशेने कचेरीत बिनपगारी किंवा थोडक्या पैशांवर राबणारा, तो उमेदवार. आता त्याच माणसाला कोणी इंटर्न म्हणतात, कोणी अप्रेंटिस, कोणी प्रशिक्षणार्थी. नावे बदलली तरी स्थिती तीच आहे. काम शिकायचे, थोडे पैसे घ्यायचे आणि पक्क्या नोकरीचा शोध चालू ठेवायचा.

ही उमेदवारी आज कोणकोणत्या वाटांनी मिळते, ते आधी थोडक्यात पाहू. आपल्या देशात अप्रेंटिस कायदा झाला तो १९६१ साली. तो मुख्यतः कारखान्यातील कारागिरांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंतेही त्यात आले, आणि पुढे इतर शाखांच्या पदवीधरांनाही वाट मोकळी झाली. २०१९ च्या नियमांनी पदवीधर उमेदवाराचे विद्यावेतन दरमहा किमान ९,००० रुपये ठरवले. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तीत बारावी झालेल्याला ६,०००, आय.टी.आय. वा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये दरमहा, अशी रक्कम ठरली, आणि मुदत सुरुवातीला सहा महिन्यांची होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्र सरकारने मोठ्या कंपन्यांतील इंटर्नशिपची योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. तीत २१ ते २४ वयाच्या तरुणाला बारा महिने दरमहा ५,००० रुपये आणि सुरुवातीस एकदाच ६,००० रुपये, अशी तरतूद होती. याखेरीज वकिलाच्या, हिशेबतपासनिसाच्या, वर्तमानपत्राच्या कचेरीत खाजगी उमेदवारी असतेच. तिथे कधी विद्यावेतन मिळते, कधी नुसता अनुभव मिळतो.

या योजनांचे नियम आणि रकमा वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी आपल्या जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रात जाऊन त्या दिवशीचा नियम विचारून घ्यावा. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे, आणि ती आईवडिलांनीही ध्यानात ठेवावी. उमेदवारी म्हणजे नोकरी नव्हे. अप्रेंटिस कायद्यात उमेदवार हा शिकाऊ मानला आहे, कामगार नव्हे. मुदत संपल्यावर त्याला कामावर ठेवलेच पाहिजे, असे बंधन सामान्यतः मालकावर नसते. तेव्हा "पोरगा कंपनीत लागला" असे म्हणून गावात पेढे वाटण्याची घाई करू नये. मुदत संपली की त्या पोराला तोंड दाखवणे कठीण होऊन बसते.

आता माझी स्वतःची थोडी हकीकत सांगतो. माझे एम.ए. २००२ साली झाले. पुढच्या वर्षी मी पुण्यात एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागलो. म्हणजे जितके तास घ्यावे तितके पैसे, आणि तेही चार-चार महिन्यांनी हाती येत. सदाशिव पेठेत एका वाड्यात आम्ही तिघे एका खोलीत कॉट बेसिसवर राहत होतो. एक वाणिज्य शाखेचा पदवीधर हिशेबतपासनिसाकडे उमेदवारी करी. तिसरा विज्ञान शाखेचा. तो आम्हा तिघांत सर्वांत हुशार. सकाळी एका प्रयोगशाळेत बिनपगारी काम करी आणि दुपारी अर्ज टाकीत हिंडे.

पहिले दोन महिने आम्ही तिघेही खानावळीत जेवलो. मग पैसे आटले. वाणिज्यवाल्याने आणि मी मिळून एक वातीचा स्टोव्ह, एक कुकर आणि एक तवा आणला. रेशनकार्डे गावी, त्यामुळे रॉकेल चढ्या भावाने घ्यावे लागे. पहिल्याच आठवड्यात आम्ही मोठी फजिती करून घेतली. दोन दिवसांचे वरण एकदमच करावे म्हणून कुकर डाळीने आणि पाण्याने काठोकाठ भरला. डाळ फेसाळली, शिट्टीचे भोक बंद झाले, आणि सुरक्षेची झडप उडून सगळे वरण छताला लागले! मालकीणबाईंनी आमच्याकडून छताला चुना लावून घेतला. चुना लावताना त्यांनीच आम्हाला शिकवले की, डाळ असेल तर कुकर निम्म्याच्या वर भरू नये. दोन पदवीधरांना ते तोवर ठाऊक नव्हते.

आमचा तिसरा सोबती मात्र स्टोव्हपाशी कधी आला नाही. त्याच्या घरी पुरुषमाणूस चुलीकडे फिरकत नसे. भांड्याला हात लावायची त्याला लाज वाटे, आणि आम्ही त्याची थट्टा करीत असू. दुपारी तो वडापाववर भागवी, रात्री खानावळीत जेवी. डिसेंबरात घरून आणलेले पैसे संपले. उधार मागणे त्याच्या स्वभावात नव्हते. एका रात्री त्याने पिशवी भरली आणि गावी निघून गेला. आठच दिवसांनी त्याच्या नावाचे मुलाखतीचे पत्र आमच्या खोलीवर आले. आम्ही ते लगेच पुढे गावच्या पत्त्यावर पाठवले, पण ते पोचले तेव्हा मुलाखतीची तारीख उलटून गेली होती.

श्रोतेहो, आज तो शेती करतो आणि ती चांगली करतो. त्याची मला कीव करायची नाही. पण ते आठ दिवस माझ्या मनातून जात नाहीत. आम्ही दोघे जे शिजवत होतो त्यात तिसऱ्याचे पोट सहज भरले असते. "ये, बस, शिकवतो," एवढे म्हणायचे होते. ते आम्ही एकदाही म्हटले नाही.

आता हाच प्रश्न आजच्या भावात मांडून पाहू. आकडे मी उदाहरणादाखल घेतो. आपापल्या शहराप्रमाणे ते तुम्ही बदलून घ्या. समजा, एका उमेदवाराला दरमहा ९,००० रुपये मिळतात. तिघांत घेतलेल्या खोलीचा त्याचा वाटा विजेसह ३,०००. खानावळीचा दोन वेळचा डबा ३,२००. बाहेरचा चहा-नाश्ता १,२००. बसभाडे ९००, मोबाइलचे ३०० आणि अर्ज, झेरॉक्स, परीक्षेची फी मिळून ४००. बेरीज करा. बरोबर ९,००० होते. शिल्लक शून्य! एक दिवस ताप आला किंवा चपलेचा अंगठा तुटला, की कर्ज.

आता तेच तिघे खोलीवर स्वयंपाक करतात असे धरा. डबा आणि नाश्ता मिळून ४,४०० लागत होते. त्याऐवजी किराणा आणि भाजी यांचा वाटा २,०००, दूध-चहा ५०० आणि गॅस ३००, म्हणजे २,८०० लागतील. महिन्याला १,६०० उरले. सहा महिन्यांत ९,६०० उरले. या पद्धतीने राहणाऱ्या मुलाचा महिन्याचा सगळा खर्च ७,४०० होतो. म्हणजे सहा महिन्यांच्या स्वयंपाकाने त्याने सव्वा महिन्याहून अधिक काळ विकत घेतला.

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबा. मुलगा पैसे वाचवतो असे आपण म्हणतो, पण खरे पाहता तो दिवस वाचवत असतो. नोकरीच्या शोधात अर्ज केल्यापासून बोलावणे येईपर्यंत आठवडे जातात. त्या आठवड्यांत शहरात टिकून राहणे हेच अर्धे काम असते. ज्याच्या गाठीला सव्वा महिना आहे, तो पहिली मिळेल ती हलकी नोकरी नाकारू शकतो. ज्याच्या गाठीला काहीच नाही, तो कोणत्याही कागदावर सही करतो, किंवा पिशवी भरतो.

तर मग स्वयंपाकाची सुरुवात कशी करावी? सामान फार लागत नाही. पाच लिटरचा कुकर, तवा, कढई, दोन पातेली, पोळपाट-लाटणे, सांडशी, सुरी, झारा आणि मिसळणाचा डबा. इंधनासाठी गॅसची पाच किलोची छोटी टाकी मिळते, किंवा खोलीच्या मालकाची हरकत नसेल तर विजेची शेगडी चालते. गॅस असेल तर तीन नियम कधी मोडू नयेत. रात्री रेग्युलेटर बंद करावा. रबरी नळी प्रमाणित असावी आणि जुनी झाली की बदलावी. वास आला तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद, काहीच करू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकाला फोन करावा.

तिघांचा महिन्याचा शिधा ढोबळ मानाने असा धरावा: कणीक किंवा ज्वारीचे पीठ पंधरा किलो, तांदूळ दहा किलो, डाळी आणि कडधान्ये मिळून सात किलो, तेल तीन लिटर, शिवाय कांदे-बटाटे, पोहे, शेंगदाणे, गूळ आणि रोजची भाजी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत २,००० उष्मांकांच्या दिवसाला धान्य सुमारे २५० ग्रॅम, डाळ-कडधान्य किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. आमच्या यादीतील डाळींचे प्रमाण त्याच्या जवळपास येते. मात्र बहुतेक मुले भाजीत काटकसर करतात आणि भातावर भात खातात. ही काटकसर महागात पडते. भाजी बाजारात संध्याकाळी उशिरा स्वस्त मिळते, तेव्हा घ्यावी.

पहिल्या महिन्यात चारच पदार्थ शिकावेत. पहिला, मुगाच्या डाळीची खिचडी. वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी डाळ, धुऊन फोडणीत परतायची, साडेतीन ते चार वाट्या पाणी, हळद, मीठ आणि तीन शिट्ट्या. एवढ्यात एका माणसाचे पोट भरून उरते. तांदळात जे प्रथिनाचे घटक कमी असतात ते डाळीत असतात, आणि डाळीत जे कमी ते तांदळात. म्हणून आपल्या आजीचा वरणभात शास्त्राच्या कसोटीलाही उतरतो. दुसरा पदार्थ पिठले. घरात भाजी नसेल त्या दिवशी दहा मिनिटांत होते. तिसरी, मोडाची उसळ. मटकी सकाळी भिजत घालावी, रात्री फडक्यात बांधावी, दुसऱ्या दिवशी मोड येतात. मोड आले की कडधान्यात क जीवनसत्त्व वाढते आणि ते पचायलाही सोपे जाते. चौथी पोळी किंवा भाकरी. ती पहिल्या आठवड्यात जमत नाही. नकाशे निघतात. निघू द्यावेत. नकाशाचीही पोळी पोटात गेल्यावर गोलच!

कुकर का वापरावा, हेही शाळेत शिकवण्यासारखे आहे. उघड्या भांड्यात पाणी साधारण शंभर अंशांवर उकळते आणि त्यापुढे तापत नाही. कुकरात वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत तापते. म्हणून डाळ लवकर शिजते आणि गॅस वाचतो. डाळ आधी अर्धा तास भिजवली तर आणखी वाचतो. शिट्टी झाल्यावर आच मंद करावी. मोठी आच ठेवल्याने पदार्थ लवकर होत नाही, नुसती वाफ वाया जाते.

आणि एक इशारा. शिळा भात फोडणी घालून खाण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण पत्र्याच्या गरम खोलीत रात्रभर उघड्यावर राहिलेल्या भातात काही जंतू वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. शीतकपाट नसेल तर एका वेळेपुरताच भात लावावा. मुलाखतीच्या आदल्या रात्री तर हा नियम अगदी कटाक्षाने पाळावा.

तिघांच्या खोलीत खरी अडचण पदार्थांची नसते, पाळीची असते. भांडी कोणी घासायची, यावरून मैत्री तुटलेली मी पाहिली आहे. म्हणून पहिल्याच दिवशी भिंतीवर कागद लावावा. सकाळी कोण, रात्री कोण, भांडी कोणाची, बाजार कोणाचा. खर्चाची एक वही असावी आणि रोज रात्री तीत लिहावे. ज्याची मुलाखत किंवा परीक्षा असेल त्याची त्या दिवसाची पाळी इतरांनी उचलावी. हा एक नियम केला तर खोली नुसती खोली राहत नाही, घर होते.

स्वयंपाकाला दिवसाचे दीड-दोन तास जातात, ते अभ्यासातून आणि शोधातून जातात ना, असे कोणी विचारील. तिघांत पाळी लावली तर एकाच्या वाट्याला रोज पाऊण तासही येत नाही. आणि हा शोधही चुलीसारखाच नेमाने चालवावा लागतो. त्याची एक वेगळी वही ठेवावी. अर्ज कोणत्या तारखेला केला, कोठे, कोणाच्या नावे, उत्तर काय आले, पुन्हा केव्हा विचारायचे. आठवड्याला ठरावीक अर्ज गेलेच पाहिजेत, असे स्वतःला बांधून घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे एका जागी, त्यांच्या प्रती दुसऱ्या जागी ठेवाव्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ साली, सैन्यातून परतलेल्यांसाठी सरकारने रोजगार कचेऱ्या उघडल्या. पुढे त्या सर्वांना खुल्या झाल्या. तिथे नाव नोंदवायला पूर्वी रांग लावावी लागे. आता महाराष्ट्रात ही नोंदणी महास्वयम् या संकेतस्थळावर होते. ती करावी, पण नोंदणी करून स्वस्थ बसू नये. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, हे नोकरीच्या बाबतीत कधी खरे ठरत नाही.

उमेदवारीच्या जागी रुजू होताना लेखी पत्र मागावे. त्यात मुदत, विद्यावेतन आणि शेवटी प्रमाणपत्र देण्याची कबुली असावी. आणि नोकरी लावून देतो म्हणून जो आधी पैसे मागतो, त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. हे मी अनुभवाने सांगतो. २००३ साली मी एका कचेरीत नोंदणीसाठी पाचशे रुपये भरले होते. पुढच्या सोमवारी गेलो तर दाराला कुलूप, आणि बाहेर माझ्यासारखे तीस-चाळीस पदवीधर उभे. ते पाचशे म्हणजे त्या वेळचा माझा जवळजवळ महिन्याचा किराणा होता. आज अशी कचेरी मोबाइलवर येते, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. मुदत आधी ठरवा. मुलगा किंवा मुलगी स्पर्धा परीक्षा देणार असेल तर किती वेळा, हे घरात बसून बोला. समजा दोन वेळा ठरले, तर तिसऱ्या वर्षी दुसरी वाट धरण्यात कमीपणा नाही, हेही त्याच वेळी सांगून ठेवा. ज्याला मुदत ठाऊक असते तो नेटाने झटतो. ज्याला नसते तो एक तर लवकर खचतो, नाही तर वर्षानुवर्षे खोलीतच राहतो.

आतापर्यंत मी मुलाबद्दल बोललो. मुलीची गोष्ट थोडी उलटी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. मुलाला चूल दिवस मिळवून देते, तीच चूल घरी राहिलेल्या मुलीचे दिवस खाऊन टाकते. मुलगी पदवीधर झाली, नोकरीचे अर्ज करते आहे, परीक्षेचा अभ्यास करते आहे. पण ती घरी आहे म्हटल्यावर दोन्ही वेळचा स्वयंपाक, पाहुणे, धाकट्या भावाचा डबा, सारे तिच्याकडे येते. "रिकामीच तर आहेस," असे म्हटले जाते. ती रिकामी नसते, ती उमेदवार असते. माझ्या वर्गातल्या कितीतरी हुशार मुली या एका शब्दाने मागे राहिल्या. घरात चार माणसे असतील तर पाळीचा तोच कागद घराच्या भिंतीवरही लागला पाहिजे. आणि मुलगी शहरात खोली करून राहणार असेल, तर भावाला जितके महिने दिले तितकेच तिलाही द्यावेत.

स्वतः शिजवून शिकणे ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. एके काळी पुण्यातले गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कोणी माधुकरी मागत. त्या अन्नाने पुष्कळांची शिक्षणे झाली. पण त्यात मिंधेपणा होता, आणि ती सोयही सर्व जातींच्या मुलांना नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, हाताने कामे करीत आणि एका पंक्तीला जेवत. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रसुद्धा दिले. वर्ध्याला १९३७ साली शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम पुढे आली. सेवाग्रामला सूत, शेती आणि सफाईच्या बरोबरीने स्वयंपाकघरही शिक्षणाचे अंग मानले गेले. ज्यांनी हे केले त्यांना ठाऊक होते की, ज्याला आपले अन्न आपण शिजवता येते त्याला मान खाली घालावी लागत नाही.

म्हणून माझी शेवटची विनंती शिक्षक बंधुभगिनींना आहे. आपण मुलांना अर्ज लिहायला शिकवतो. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत, तो अवश्य शिकवावा. पण त्याचबरोबर वर्षातून एकदा, वनभोजनाच्या दिवशी किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, पोळ्या मुलांकडे आणि पाणी भरणे, मोळ्या आणणे, बाजारहाट मुलींकडे, असा पालट करून पाहावा. आठ दिवसांच्या शिबिरात मुलगा खिचडी शिकतो, हे मी दरवर्षी पाहतो. दुसरे असे की, शाळेतून बाहेर पडून शहरात गेलेल्या मुलांची एक यादी शाळेत ठेवावी. नवा मुलगा निघाला की त्याला दोन नावे आणि दोन पत्ते द्यावेत. पहिल्या आठवड्यात ओळखीच्या खोलीत पथारी टाकायला मिळाली, तर पुष्कळ काही निभावते.

आणि आईवडिलांनो, तुमचा मुलगा यंदा शहरात जाणार असेल, तर पिशवीत चटणी-भाकरी जरूर द्या. पण त्याआधी महिनाभर त्याला चुलीपाशी बसवा. भात लागला तर लागू द्या. आणि तो गेल्यावर दर खेपेस फोनवर "काही कळलं का?" असे विचारू नका. कळले की तो आपण होऊन सांगेल. त्याऐवजी विचारा, "आज कोणाची पाळी होती? काय केलंत?" उत्तरात पिठल्याचे नाव आले तर समजा, मुलगा अजून टिकून आहे. आणि "भूक नव्हती" असे उत्तर दोन-तीन दिवस आले, तर तिसऱ्या दिवशी गाडी पकडून त्याच्या खोलीवर जा.